मनातली तालीम कोणत्या खात्यात?



मनात केलेल्या पापाचा दोष लागतो की नाही, हा प्रश्न वारकरी श्रोत्यांना नवा नाही. हात उचलला नाही, जिभेने शब्द काढला नाही, कुणाच्या शेतातले कणीस मोडले नाही. केवळ मनात एक गोष्ट घडवून पाहिली. तिचा जाब द्यावा लागेल काय? प्रश्न साधा दिसतो, पण एकदा स्वतःला विचारला की तो सहजासहजी सोडीत नाही. कारण हातापायांनी आपण दिवसभरात जेवढे करतो त्याच्या कितीतरी पट मनाने करीत असतो. आज या प्रश्नाचा आपण मिळून थोडा विचार करू.

ग्रंथांकडे वळलो तर प्रथमदर्शनी दोन दिशांची प्रमाणे हाती येतात. श्रीमद्भागवताच्या पहिल्या स्कंधात, अठराव्या अध्यायात, परीक्षिती राजाने कलीला ठार का मारले नाही याचे कारण सांगितले आहे. राजा भ्रमरासारखा सार घेणारा होता. कलियुगात दोष पुष्कळ, पण एक गुण असा की चांगले कर्म लवकर फळते, आणि वाईट कर्म मात्र प्रत्यक्ष केल्यावाचून तसे फळत नाही. पुण्य संकल्पानेही पदरात पडते, पाप केल्याशिवाय पडत नाही, असा त्याचा अर्थ सांगतात. हे ऐकले की श्रोता सुटकेचा श्वास टाकतो.

आता गीता पाहावी. तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी असे सांगितले आहे की, जो कर्मेंद्रिये आवरून बसतो पण मनाने विषय घोळवीत राहतो, तो मिथ्याचारी होय. दुसऱ्या अध्यायात तर एक उतरता जिनाच दाखविला आहे. विषयाचे चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध, क्रोधातून मोह, मोहातून स्मृतिभ्रंश, पुढे बुद्धिनाश आणि शेवटी सर्वनाश. या जिन्याची पहिली पायरी घराबाहेर नाही, मनात आहे. मग सुटकेचा श्वास टाकावा की धास्ती घ्यावी? एकच भगवंत दोन ठिकाणी दोन गोष्टी कशा सांगतील?

या ठिकाणी एक दृष्टांत घेतो. तो पुराणातला नाही, क्रीडांगणातला आहे. नातवंडांबरोबर दूरदर्शनवर ऑलिंपिक पाहणाऱ्या आजोबांना त्यात काही अपरिचित वाटणार नाही. क्रीडांगणाचा दृष्टांत घेण्याचे कारण एवढेच की, तिथे मनाच्या गोष्टींचे मोजमाप घड्याळाने आणि टेपने होते. तिथे कोणी स्वतःची समजूत घालून चालत नाही.

बर्फाच्या देशांत बॉबस्ले नावाचा एक खेळ आहे. बर्फाच्या नागमोडी नाळीतून एक लांबट गाडी सुसाट खाली सोडतात. सारा प्रवास मिनिटभराचा. एक वळण चुकले की गाडी उलटते. या उतारावर शरीराला धक्के इतके बसतात की दिवसात मोजक्याच फेऱ्या करता येतात. मग हे लोक सराव कसा करतात? शर्यतीपूर्वी सारथी एका बाजूला उभा राहतो, डोळे मिटतो, आणि हातात दोर असल्याप्रमाणे हात डावी-उजवीकडे वळवू लागतो. मान झुकते, खांदा कलतो. ज्याला ठाऊक नाही त्याला वाटावे की याच्या अंगात आले आहे. तो मनात पहिल्या वळणापासून शेवटच्या वळणापर्यंत सगळी वाट उतरून जात असतो, तीही खऱ्या शर्यतीला लागतो साधारण तेवढ्याच वेळात.

हे केवळ मनाचे समाधान आहे काय? रिचर्ड सुइन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात ऑलिंपिकच्या स्कीइंग खेळाडूंना अशी मनातली तालीम शिकविली. स्कीइंग म्हणजे पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाणे. एका खेळाडूच्या स्नायूंवर विद्युत् मोजणारे यंत्र लावून त्यांनी त्याला मनातल्या मनात शर्यत करायला सांगितली. शरीर स्थिर होते. तरी मनातल्या वाटेवर जिथे उडी होती, जिथे खडबडीत भाग होता, तिथे तिथे पायांच्या स्नायूंत विजेची हालचाल उमटली. बर्फ नव्हता, उतार नव्हता, पण पाय आपले काम करीत होते.

याहून बोलका प्रयोग आयोवा विद्यापीठातील ग्वांग युए आणि केली कोल यांचा आहे. तो १९९२ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी काही माणसांना चार आठवडे हाताची करंगळी पूर्ण जोराने बाहेरच्या बाजूस दाबण्याचा व्यायाम दिला. दुसऱ्या गटाने तोच व्यायाम केवळ मनात करायचा, स्नायू हलवायचा नाही. तिसऱ्या गटाने काहीच करायचे नाही. शेवटी ताकद मोजली. प्रत्यक्ष व्यायाम करणाऱ्यांची ३० टक्के वाढली. केवळ मनात करणाऱ्यांची २२ टक्के वाढली. काहीच न करणाऱ्यांची ४ टक्क्यांच्याही आत राहिली. स्नायू फुगला म्हणून ही ताकद आली नव्हती. मेंदूकडून स्नायूला जाणारी आज्ञाच अधिक ठाम झाली होती. करंगळी न हलवता करंगळी बळकट झाली, असा त्याचा सरळ अर्थ.

आम्हा कीर्तनकारांना याचे फारसे आश्चर्य वाटू नये. एस.टी.च्या खिडकीशी बसून रात्रीच्या कीर्तनाचा अभंग मनात लावताना बोटे आपोआप मांडीवर ठेका धरतात, आणि कोणते प्रमाण कोणत्या जागी यायचे ते गाव येण्यापूर्वीच बसलेले असते. पहिलवानही हौद्यात उतरण्यापूर्वी डाव मनात घोटून ठेवतो. जिथे हे घोटणे चालते त्या जागेलाही आपण तालीम म्हणतो आणि घोटण्यालाही तालीमच म्हणतो.

पण माऊली, दृष्टांताची दुसरी बाजू आता ऐकावी, कारण आपला प्रश्न तिच्याशी आहे. १९८५ साली अमेरिकेत एक साधा प्रयोग प्रसिद्ध झाला. गोल्फ या खेळात चेंडू हलक्या हाताने ढकलून खळीत घालायचा असतो. काही विद्यार्थ्यांना सांगितले, फटका मारण्याआधी चेंडू घरंगळत खळीत पडला असे मनात पाहा. काहींना सांगितले, चेंडू अगदी जवळ जाऊन चुकला असे पाहा. तिसऱ्यांना काही पाहायला सांगितले नाही. पहिल्यांचा खेळ सुधारला. दुसऱ्यांचा बिघडला. हातात दांडी तीच, चेंडू तोच, गवत तेच.

याचा अर्थ काय झाला? मनातली तालीम ही तलवारीसारखी आहे. ती चांगल्याचीच बाजू घेते असे नाही. जे पुन्हा पुन्हा मनात घडविले, ते शरीर शिकते. मन शरीराला सांगत नाही की हे खोटे आहे, हे शिकू नकोस. चुकणे घोटले तर चुकणे पक्के होते.

आता क्रीडांगणातून आपल्या गावात येऊ. दोन भाऊ आहेत. मध्ये शेताचा बांध आहे. थोरल्याने बांध कोरला असे धाकट्याचे म्हणणे, मुळात बांध तिथेच होता असे थोरल्याचे. धाकटा माळकरी आहे, सज्जन आहे. भावाला त्याने आजवर उलट शब्द बोललेला नाही. पण रात्री अंथरुणावर पडला की त्याच्या मनात बांध उभा राहतो. भाऊ समोर येतो. भाऊ असे म्हणतो, मग मी तसे म्हणतो. तो तोंड उघडतो, मी त्याचे तोंड बंद करतो. चार माणसे ऐकत असतात, त्याची मान खाली जाते. झोप लागेपर्यंत हा खेळ तीन-चार वेळा होतो. दुसऱ्या रात्री त्यात एक नवा, अधिक टोकदार शब्द येतो. असे वर्ष जाते. आणि एके दिवशी बाजारात, कसल्याशा क्षुल्लक कारणावरून, तोच शब्द त्याच्या तोंडून थोरल्या भावाच्या अंगावर जातो. लोक स्तब्ध होतात. तो स्वतःही स्तब्ध होतो. घरी येऊन म्हणतो, "रागाच्या भरात शब्द गेला. कसा गेला कळले नाही."

कसा गेला ते आपण सांगू शकतो. तो शब्द त्या दिवशी जन्मला नव्हता. तीनशे रात्री त्याची तालीम झाली होती. बॉबस्लेच्या सारथ्याप्रमाणे धाकट्याने डोळे मिटून प्रत्येक वळण पाठ केले होते. बाजारात फक्त गाडी सुटली. राग हे निमित्त होते, तयारी शांतपणे झाली होती.

आता दोन प्रमाणांचा मेळ घालू. भागवत बोलते ते दंडाबद्दल. त्या तीनशे रात्री धाकट्याने भावाचा काहीच अपराध केलेला नव्हता, आणि भगवंत न केलेल्या अपराधाची शिक्षा देत नाही. ही त्याची दया आहे. ही दया आहे म्हणून तीनशे एकाव्या रात्रीही परत फिरता येते. गीता बोलते ती घडणीबद्दल. शिक्षा झाली नाही म्हणून घडण थांबली असे नाही. एक चोपडी दोषांची आहे, तिच्यात मनातले पाप लिहिले जात नसेल. पण दुसरी चोपडी संस्कारांची आहे, आणि तिच्यात एक ओळही सुटत नाही. पहिल्या चोपडीचे पान कोरे आहे म्हणून जो निश्चिंत झोपतो, त्याने दुसरी उघडून पाहिलेली नसते. दोन वचनांत विरोध नाही. विरोध दिसतो तो आपण सवलत तेवढी उचलतो आणि इशारा ठेवून देतो म्हणून.

इथे एक शंका येईल. "महाराज, वाईट विचार आम्ही बोलावतो थोडेच? ते येतात." खरे आहे. आलेला विचार आणि घोळविलेला विचार यांत दारात आलेल्या आणि जेवायला बसविलेल्या पाहुण्याइतके अंतर आहे. खेळाडूंच्याही मनात पडण्याचे, हरण्याचे चित्र येते. येणार नाही असे कोणी त्यांना सांगत नाही. त्यांना शिकविले जाते ते असे की, चित्र बिघडले तर तिथेच थांबवायचे, मागे न्यायचे आणि नीट करून पुन्हा चालवायचे. बिघडलेले चित्र तसेच शेवटपर्यंत पाहत बसायचे नाही.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. अमेरिकेचे मायकेल फेल्प्स हे जलतरणपटू प्रशिक्षक बॉब बोमन यांच्या सांगण्यावरून रात्री झोपण्यापूर्वी आणि सकाळी उठल्यावर पुढची शर्यत मनात चित्रफितीसारखी पाहत. ती नेहमी मनासारखीच पार पडते असे पाहत नसत. काही बिघडले तर काय करायचे तेही पाहत. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बटरफ्लाय शर्यतीत उडी मारल्यावर त्यांच्या डोळ्यांवरच्या गॉगलमध्ये पाणी शिरू लागले. शेवटच्या टप्प्यात त्यांना भिंत दिसेना, प्रतिस्पर्धी दिसेनात. ते घाबरले नाहीत. आपल्याला किती हात लागतात ते त्यांना माहीत होते. हात मोजीत गेले आणि भिंतीला टेकले. १ मिनिट ५२.०३ सेकंद; सुवर्णपदक आणि त्या वेळचा जागतिक विक्रम.

यातून बारकावा घ्यावा तो असा. संकट मनात आणणे हा दोष नव्हे. संकट आणून तिथेच हरून बसणे, किंवा तिथेच सूड उगवून घेणे, ही वाईट तालीम. संकट आणून त्यातून आपण नीट वागलो असे पाहणे, ही चांगली तालीम. धाकट्या भावाने बांधाचा विचारच करू नये असे मी म्हणत नाही. विचाराचा शेवट कुठे होतो ते त्याने पाहावे.

दुसरी शंका पुण्याच्या बाजूची आहे. "मानस पुण्य फळते म्हणता, तर मग मनातच अन्नदान करावे, मनातच वारी करावी, खर्चही नाही, कष्टही नाही." या शंकेलाही खेळाडूच उत्तर देतात. करंगळीचा प्रयोग आठवावा. मनातल्या व्यायामाने २२, प्रत्यक्षाने ३०. ज्याला हात आहे त्याने हाताचे काम मनावर ढकलू नये. कोणताही चांगला प्रशिक्षक मनातली तालीम मैदानातल्या तालमीला जोड म्हणून देतो, तिच्याऐवजी देत नाही.

आणि मनात पाहायचे तरी काय? लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील लिएन फॅम आणि शेली टेलर यांचा १९९९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. परीक्षेच्या आधी काही दिवस एका गटाने रोज मनात पाहायचे की आपण पुस्तक उघडून बसलो आहोत, टिपणे काढतो आहोत, अभ्यास करतो आहोत. दुसऱ्या गटाने पाहायचे की आपल्याला उत्तम गुण मिळाले, आपण आनंदलो आहोत. अभ्यास पाहणाऱ्यांनी अभ्यास अधिक केला आणि गुणही चांगले मिळविले. केवळ यश पाहणाऱ्यांनी अभ्यास कमी केला आणि गुणही कमी मिळविले. फळ मनात चाखून झाले, मग झाड लावायला कोण उठतो? फळाची आशा सोडून कर्म कर, हा गीतेचा उपदेश संन्याशांसाठी आहे असे काहींना वाटते. इथे तर परीक्षेला बसलेल्या पोरांनाही तो लागू पडला.

म्हणून मानस पुण्याचीही पारख करावी. मनात अन्नदान करताना आपल्या गळ्यात हार पडतो आहे, फलकावर नाव झळकते आहे असे दिसत असेल, तर ते पुण्य नव्हे, ती पोटभर झालेली हौस आहे. मनात वाकून पंगतीत वाढत असाल, पाठ दुखत असेल, आमटीची बादली जड लागत असेल आणि शेवटच्या पानावर भाकरी पोचली की नाही याची काळजी वाटत असेल, तर ते चित्र तुम्हाला आज ना उद्या खऱ्या पंगतीत उभे करील.

ज्यांचे गुडघे आता दिंडीबरोबर चालत नाहीत, आणि त्यांत मीही आलो, त्यांनी मानस वारी अवश्य करावी. पण खेळाडूची शिस्त ठेवून करावी. आळंदीहून निघून एका क्षणात कळसदर्शन घेऊ नये. दिवे घाट चढावा, सासवडला मुक्काम करावा, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण असे एकेक गाव घ्यावे. पावसात भिजावे, शेजारच्या वारकऱ्याचे ओझे घटकाभर घ्यावे, त्याचा धक्का लागला तर सोसावा. जी मानस वारी धक्का सोसायला शिकवीत नाही, ती फिरून येणे झाले.

कोणी विचारील, खेळाडूची ही कल्पना आणि आपले ध्यान एकच का? रीत एक, टोक वेगळे. खेळाडूच्या चित्रात मध्ये तो स्वतः असतो, आणि ते त्याच्या कामाला योग्यच आहे. मानसपूजेत मध्ये विठ्ठल उभा असतो आणि पूजा करणारे हात तेवढे दिसतात. पण शिकण्यासारखे एक आहे. खेळाडू एका पदकासाठी रोज मन इतके राखतो. आपण घरातल्या माणसांशी नीट वागता यावे म्हणून तेवढे राखतो काय?

तेव्हा माऊली, आज रात्री दिवा मालविल्यावर मनात काय चालू होते ते पाहावे. बांध उभा राहिला, भाऊ समोर आला, तर त्याला घालवू नका. त्याला येऊ द्या, त्याचा तो कठोर शब्दही बोलू द्या. मग आपले हात खाली आहेत, श्वास शांत आहे असे पाहा, आणि आपल्या तोंडून शब्द निघू द्या: "दादा, उन्हातून आलात. आधी पाणी घ्या." पहिल्या रात्री हा शब्द खोटा वाटेल. घशात अडेल. चालवून घ्या. मागे न्या आणि पुन्हा म्हणा. तीनशे रात्री लागल्या तरी लागू द्याव्यात. कारण बाजारात भाऊ कधी समोर येईल ते आपल्या हाती नाही, पण त्या दिवशी जिभेवर कोणता शब्द तयार असेल ते रात्री रात्री आपणच ठरवीत असतो.

रामकृष्णहरि.